रिकाम्या नळीतला चोर

रेडिओ नक्की काय शिकते हे तिच्या घरात कोणालाच धड सांगता येत नसे, आणि त्याचा सगळ्यात जास्त ताप तिच्या आईला होई. बाबा दिवसभर तळ्यांवर असत. माशांची पिल्लं न्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकांशी बोलायचं काम आईचं. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी घ्यायचं, त्यात पिल्लं सोडायची, वर ऑक्सिजन भरायचा आणि पिशवीला घट्ट रबर लावायचं. एवढं होईपर्यंत गिऱ्हाइकाला काहीतरी बोलायला हवंच असे, आणि ते हमखास विचारी, "मुलगी काय करते सध्या?"

"इंजिनिअर होतेय," आई म्हणे.

"अरे वा! पूल बांधणार?"

"नाही, नाही. ते जीवजंतूंचं आहे."

"म्हणजे डॉक्टर."

"डॉक्टर नाही हो. कॉम्प्युटरवर असतं ते सगळं. आकडे असतात. खूप आकडे."

गिऱ्हाईक पिशवी उचलून, सहानुभूतीने मान हलवत निघून जाई. मग आई फोन लावी. "अगं, काहीतरी एक धड शीक ना! जीवशास्त्र शीक, नाहीतर कॉम्प्युटर शीक, नाहीतर ते तुझं डेटा का काय ते. एक ना धड, भाराभर चिंध्या!"

"आई, चिंध्या एकत्र शिवल्या की गोधडी होते!" पलीकडून उत्तर येई, आणि पुढे गोधडी कशी शिवायची याचं व्याख्यान सुरू होई. आई फोन टेबलावर ठेवून दोन पिशव्या भरून येई आणि पुन्हा कानाला लावी. तोवर व्याख्यान चालूच. उगाच नाही पोरीचं नाव रेडिओ पडलं. बोलायला लागली ती वर्षाची व्हायच्या आत, आणि बंद करायचं बटण बसवायचं मात्र राहून गेलं.

पण तिला या विषयाकडे ओढून नेलं ते बडबडीने नव्हे, मेलेल्या पिल्लांनी. दर वर्षी पाणी तापायला लागलं की बाबांच्या हौदांमध्ये बोटाएवढी पिल्लं, ज्यांना धंद्यात बोटुकली म्हणतात ती, पांढरी पोटं वर करून तरंगायला लागत. बाबा जाळीच्या झाऱ्याने ती काढत राहत. मग औषधवाले येत. एक निळी पूड देई, दुसरा पिवळं पाणी देई. प्रत्येकाला रोग काय ते पाण्याकडे एकदा बघूनच कळलेलं असे. पिल्लं मरायची तेवढी मरतच. शेवटी शाळकरी रेडिओने एकदा विचारलं, "पण बाबा, पाण्यात काय आहे ते कोणी मोजलंय का?" बाबा म्हणाले, "पाण्यात पाणी असतं." तेवढ्यावर त्या मुलीचं समाधान झालं असतं तर ही गोष्टच झाली नसती.

कॉलेजात तिला कळलं की पाण्यात काय आहे ते खरंच मोजता येतं. पहिल्या वर्षी एका साध्या काचेच्या नळीत तिने केळ्याचा गर, साबण, मीठ आणि थंडगार अल्कोहोल घातलं, आणि वर पांढरे धागे तरंगत आले. डीएनए! ती इतकी जोरात ओरडली की शेजारच्या वर्गातून लोक आग लागली का बघायला आले. दुसऱ्या वर्षी कळलं की तो धागा यंत्राला वाचायला देता येतो, यंत्र त्याची लाखो अक्षरं बाहेर ओततं, आणि ती अक्षरं कुठल्या जिवाची हे शोधणारा प्रोग्राम आपल्या हातांनी लिहिता येतो. तिचा पहिला प्रोग्राम चालला तेव्हा तिने बाकावर उडीच मारली. सकाळी पेशी, दुपारी प्रोग्राम, संध्याकाळी आकड्यांतून खरं-खोटं निवडण्याचं शास्त्र. तिला तर हा अभ्यासक्रम म्हणजे तीन घरांचं एकत्र आलेलं लग्नघर वाटे. कोण कोणाचं कोण लागतं ते अजून कळायचं होतं, पण मजा मात्र चौफेर होती.

लॅबमध्ये तिच्या जोडीला जो मुलगा दिला होता त्याला सगळे मौनी म्हणत. तो दिवसाकाठी मोजकी वाक्यं बोले, आणि ती मुख्यतः संगणकाशी. मॅडमनी ही जोडी मुद्दाम लावली होती असं सगळ्यांचं मत होतं. मॅडम म्हणजे त्यांच्या प्रकल्पाच्या मार्गदर्शक, उंच, शांत आणि चष्म्यावरून बघणाऱ्या. तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाचा विषय काय घेणार असं त्यांनी विचारलं, तेव्हा रेडिओने एका श्वासात सांगितलं, "आमची पिल्लं कोण मारतं ते शोधणार!"

सुट्टीत ती घरी गेली ती बाटल्यांची पेटी आणि बर्फाचा डबा घेऊनच. बाबांना कोण आनंद! आनंद झाला की ते भुवई वर करत, तशी केली. "चल," म्हणाले.

बाहेरच्या कालव्यातलं पाणी तिने सरळ बाटली बुडवून घेतलं. हौदांचं पाणी मात्र तळाजवळून हवं होतं, तेव्हा तिने खुंटीवरची रबरी नळी घेतली, एक टोक पाण्यात सोडलं, दुसरं तोंडात धरून ओढलं, आणि पाणी आलं की बाटलीत. तळ्यावर वाढलेल्या कोणालाही विचारा, पाणी असंच काढतात. बाबांनीच तिला ते शिकवलं होतं, ती हौदाच्या काठाएवढीही नव्हती तेव्हा.

सगळ्यात शेवटी थोरलं तळं. त्यात बाबांचे जुने, दांडगे मासे होते, ज्यांच्या अंड्यांतून सगळी पिल्लं जन्मत. बाबा त्यांना 'थोरली मंडळी' म्हणत. वर्षानुवर्षं निवडून, जपून, वाढवून त्यांनी हे मासे तयार केले होते. असे मासे बाजारात मिळत नाहीत, ते घडवावे लागतात. या तळ्याचा काठ उंच, म्हणून नळी लांब घ्यावी लागली. रेडिओने ओढून पाहिलं, पाणी अर्ध्यातूनच परतलं. "बाजूला हो," म्हणून बाबांनी ओढलं. पुन्हा परतलं. मग दोघं आळीपाळीने ओढत राहिले, एकमेकांची फजिती बघून हसत राहिले. एकदा बाबांच्या तोंडात तळ्यातलं शेवाळ आलं तेव्हा तर रेडिओला काठावर बसूनच घ्यावं लागलं. शेवटी बाटली भरली.

मॅडमच्या सूचनापत्रकात आणखी एक गोष्ट होती. लॅबमधून नेलेलं निर्जंतुक पाणी त्याच नळीतून, त्याच पद्धतीने एका नळकांड्यात भरून आणायचं. त्याला लॅबमध्ये 'रिकामी नळी' म्हणत, कारण त्यात पाण्याखेरीज काहीही नसायला हवं. रेडिओने तेही इमानेइतबारे, नळी तोंडाने ओढून, भरलं.

यंत्राने सगळे नमुने वाचले, आणि अक्षरांचा ढीग संगणकावर आला. मौनीने आकडे मांडायला घेतले. "रिकामी?" त्याने एका शब्दात विचारलं.

"रिकाम्या नळीत काय निघणार, कपाळ?" रेडिओ म्हणाली. "तिची फाइल बाजूला ठेव, नंतर बघू. आधी तळी!"

आणि आलेख पडद्यावर उमटला. रेडिओ खुर्चीतून उठलीच. एक जंतू होता, स्ट्रेप्टोकॉकस नावाचा. कालव्यात त्याचा मागमूस नव्हता. पिल्लांच्या हौदांत थोडा होता. आणि थोरल्या तळ्यात त्याचा खांब चांगला उंच गेला होता. तिने पुस्तक उघडलं: या जंतूच्या काही जाती माशांना मारतात, आणि त्याही पाणी तापलं की. सगळं कसं जागच्या जागी बसलं! बाहेरून काही येत नव्हतं. रोग थोरल्या मंडळींच्या अंगात होता, आणि त्यांच्याकडून पिल्लांना लागत होता.

"सापडला!" ती ओरडली. मौनीही हसला, म्हणजे गोष्ट केवढी मोठी असेल बघा.

आता कोणीही शहाणा माणूस आधी मॅडमकडे गेला असता. रेडिओने आधी फोन उचलला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. "बाबा, चोर सापडला! थोरल्या तळ्यात आहे. थोरल्या मंडळींच्यात!"

बाबांनी विचारलं, "नक्की?"

"अहो, आलेख आहे माझ्यासमोर!"

"मग त्यांना काढावं लागेल."

आनंदाच्या भरात रेडिओला त्या वाक्याचं वजन कळलं नाही. आईने नंतर सांगितलं तेव्हा कळलं. बाबांनी मासळीच्या व्यापाऱ्याला बोलावलं होतं. थोरली मंडळी शनिवारी सकाळी बाजारात जाणार होती, आणि तळं उपसून चुना टाकायचा होता. "रात्री जेवले नाहीत नीट," आई म्हणाली. "पण म्हणतात, माझी मुलगी शिकून सांगतेय, म्हणजे खरंच असणार." पण पिल्लं वाचतील, रेडिओने स्वतःला समजावलं. नवे मासे पुन्हा वाढवता येतील. शास्त्र म्हणजे शास्त्र.

शनिवारी सकाळीच मॅडमसमोर प्रकल्प मांडायचा होता. रेडिओ उभी राहिली आणि तिचा बांध फुटला. हात हलत होते, आवाज चढत होता, कालवा, हौद, थोरलं तळं, एकेक खांब दाखवत ती गुन्हेगारापर्यंत पोचली तेव्हा मागच्या बाकावरच्यांनीही मान वर केली होती. शेवटी दोन-चार टाळ्यासुद्धा पडल्या.

मॅडमनी चष्म्यावरून आलेखाकडे पाहिलं. "छान आहे. रिकाम्या नळीचं काय म्हणणं आहे?"

"ती... बाजूला ठेवलीय, मॅडम. तिच्यात काय असणार?"

"तेच विचारतेय."

मौनीने फाइल उघडली, आकडे आलेखात टाकले, आणि शेवटी एक नवा खांब उभा राहिला. स्ट्रेप्टोकॉकस! ज्या नळीत पाण्याखेरीज काहीही नसायला हवं होतं तिच्यात तोच चोर बसलेला होता.

रेडिओ तोंड उघडून पडद्याकडे बघत राहिली, आणि आवाज फुटेना. तिच्या बाबतीत हे नवीनच होतं.

"हा प्रोग्राम जंतूचं आडनाव सांगतो," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "नाव सांगत नाही. या आडनावाचे काही मासे मारतात. काही नुसतेच कुठेतरी राहतात. हे कोणते? त्यांचे शेजारी कोण आहेत ते बघा."

मौनीची बोटं चालू लागली. रेडिओ त्याच्या खांद्यावरून वाकली. रिकाम्या नळीत त्या जंतूसोबत आणखी मंडळी होती, आणि प्रोग्राम एकेकाचा पत्ता सांगत होता. एक दातांच्या फटीत राहणारा. एक जिभेवर राहणारा. एक हिरड्यांजवळचा. थोरल्या तळ्यात तेच सगळे. हौदांत तेच. कालव्यात त्यातला एकही नाही.

"तोंड," मौनी म्हणाला. मग त्याला तेवढं पुरेसं वाटलं नसावं. तो रेडिओकडे वळला आणि म्हणाला, "पाणी कसं भरलंस?"

तिच्या डोळ्यांसमोर ती रबरी नळी आली. कालव्यात बाटली नुसती बुडवली होती. हौदांवर नळी एकेकदा ओढली होती. आणि थोरल्या तळ्यावर ती आणि बाबा आळीपाळीने ओढत, हसत, पाणी परत सोडत, पुन्हा ओढत... आलेखातला उंच खांब रोगाचा नव्हताच. बाप-लेकीने मिळून जिथे सगळ्यात जास्त वेळा नळी तोंडात धरली, तिथे तो सगळ्यात उंच होता.

"मीच आहे ती!" ती किंचाळली. "मी आणि बाबा! मॅडम, आम्ही नळी तोंडाने ओढली! माशांचं नाही हे, आमची थुंकी आहे!"

वर्ग असा हसला की खिडकीच्या काचा वाजल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण कळसा चक्क दाढेत सापडल्याचं उदाहरण बहुधा हे पहिलंच. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणीही रेडिओच्या मनात लाज दुसरी आली. पहिलं आलं ते कौतुक. काय भारी शास्त्र आहे हे! पाण्याच्या एका थेंबावरून त्याने तिला पकडलं होतं, ती कुठे उभी होती, कुठे किती वेळा वाकली होती, सगळं सांगितलं होतं. ज्या शास्त्राला तिची एवढीशी चूक चालत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती.

मग तिला वार आठवला.

ती वर्गाच्या बाहेर धावली आणि बाबांना फोन लावला. वाजत राहिला. पाण्यात उतरताना बाबा फोन काठावर शर्टात गुंडाळून ठेवत. तिने आईला लावला.

"आई, व्यापारी आलाय?"

"आलाय ना. मोठा टब घेऊन आलाय. जाळं टाकलंय. काही काढलेत वर, तुझे बाबा बघवत नाही म्हणून पाठ करून..."

"आई, पळ! थांबव त्यांना! मासे निर्दोष आहेत!"

"काय आहेत?"

"चुकलं माझं! पळ गं, फोन हातात धर आणि पळ!"

आईने आयुष्यात प्रश्न पुष्कळ विचारले असतील, पण त्या वेळी एकही विचारला नाही. फोनमधून चपलांची फटफट, धापा, कुत्र्याचं भुंकणं आणि मग आईचा असा आवाज आला की रेडिओने फोन कानापासून लांब धरला. मुलीचा आवाज कोणावर गेला ते त्या दिवशी कळलं. "थांबाऽऽ! अहो, थांबा! ती म्हणते मासे निर्दोष आहेत!"

पाण्याची खळबळ ऐकू आली. व्यापारी काहीतरी कुरकुरत होता. मग बाबांचा आवाज, ओला आणि दमलेला. "काय झालं?"

तिने सरळच सांगितलं. "बाबा, माझं चुकलं. थोरल्या मंडळींचा काही दोष नाही. आपण नळी तोंडाने ओढली ना, त्यातून आपल्याच तोंडातले जंतू बाटलीत गेले. ते आपल्याला काही करत नाहीत आणि माशांनाही नाही. मी ज्याला चोर म्हणाले तो चोरच नव्हता. तपासायच्या आधीच मी तुम्हाला फोन केला. चोर सोडून संन्याशाला फाशी देत होते मी."

"मग पिल्लं कशाने मरतात?"

सगळ्यात अवघड प्रश्न तोच होता. लहानपणापासून ज्याच्या मागे ती लागली होती तो. "मला अजून माहीत नाही, बाबा," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "खरंच माहीत नाही."

बाबा व्यापाऱ्याला म्हणाले, "टब इकडे आण. नाही, गाडीकडे नाही. पाण्याकडे." आणि फोनमधून एक जड, भरगच्च आवाज आला, धप्प. मग आणखी एक. मग आणखी एक. आई म्हणत होती, "हळू, हळू, तिचं पोट बघा केवढं आहे." रेडिओ कॉरिडॉरच्या भिंतीला टेकून प्रत्येक आवाज ऐकत होती, आणि एकीकडे रडत, एकीकडे हसत होती. बाजूने जाणाऱ्या मुलांनी तिला वळसा घातला.

शेवटचा मासा पाण्यात गेल्यावर बाबा पुन्हा फोनवर आले. ती रागावणं ऐकायला तयार होऊन उभी राहिली.

"इतकी वर्षं लोक येतात," बाबा म्हणाले. "पूड देतात, पाणी देतात, रोगाचं नाव सांगून जातात. पिल्लं मरतात, ते पुढच्या वर्षी दुसरं नाव घेऊन येतात. माझं चुकलं असं आजवर एकानेही म्हटलं नाही. तू पहिली."

रेडिओने बाहीने डोळे पुसले.

"पुन्हा पाणी घ्यायला कधी येतेस?"

"उद्या! उद्याच येते! मौनीला पण आणते. आणि बाबा, या वेळी आम्ही हातपंप आणणार, आणि रिकाम्या नळ्या जास्त आणणार, आणि तळाची माती पण घेणार, आणि..."

"ये," बाबा मध्येच म्हणाले. "नळीला तोंड लावायचं नाही, एवढं मला कळलं. बाकीचं मला शिकव."